खडीची खाण आणि तिच्या खालची पाणथळ

आमच्या गावात खडीच्या खाणीचा कागद आला तेव्हा ग्रामसभा देवळात भरली होती. कागद इंग्रजीत. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने तो वाचून दाखवला. शेवटच्या पानावर मथळा होता 'रेक्लमेशन प्लॅन'. मागे खांबाला टेकून बसलेले एक काका म्हणाले, "म्हणजे भराव घालनार काय रे?" सगळे हसले.

पण काकांचं काय चुकलं? उभा जन्म मुंबईत गिरणीत काढलेल्या माणसाला रेक्लमेशन म्हटल्यावर बॅकबे आणि बँड्रा आठवणारच. समुद्र हटवून, भर घालून काढलेली जमीन. खाडीला बांध घालून खारं पाणी अडवलं आणि आत भात लावला, तर त्या खारजमिनीलाही सरकारी इंग्रजीत हाच शब्द आहे. खाणीच्या कागदात मात्र त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो: खणून झाल्यावर ती जागा पुन्हा जिवंत करायची. घोटाळा नुसता शब्दाचा असता तर चाललं असतं. पण बऱ्याच खाणींवर शेवटी होतं ते काकांनी विचारलं तेच. उरलेला मुरूम-माती खड्ड्यात लोटायची, वर ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लावायची, फोटो काढायचा.

आमच्या खाणीच्या जागेखाली एक पाणथळ आहे, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते गावकीत सांगतो तसं सांगतो.

पाणथळ म्हणजे तळं नव्हे

डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला तीन-चार एकरांचा हा तुकडा. सातबाऱ्यावर पोटखराबा. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं. गणपतीनंतर लव्हाळ्यातून वाट काढत जावं लागतं. दिवाळीनंतर कडेचं पाणी उतरतं, पण मधे उपळ, म्हणजे जमिनीतून पाझरणारे झरे, फुटलेले असतात, त्यामुळे शिमग्यापर्यंत पाय टाकला की रेंदा घोट्यापर्यंत येतो. मे महिन्यात भेगा पडतात आणि पोरं तिथे क्रिकेट खेळतात. खाणवाल्यांचा माणूस मे महिन्यात पाहणीला आला होता. त्याच्या अहवालात ती जागा 'पडीक, कोरडी' आहे.

इथेच पहिली गाठ बसते. पाणथळीची ओळख पाण्यावरून नाही, पाण्याच्या वेळापत्रकावरून होते. पाणी कधी येतं, किती चढतं, किती दिवस टिकतं, कधी उतरतं, हे तिचं घड्याळ. तिथली प्रत्येक गोष्ट त्या घड्याळावर चालते. बेडकाची पिल्लं पाणी आटायच्या आत पायावर उभी राहिली पाहिजेत. लव्हाळ्याचं बी कोरड्या भेगेत पडून पहिल्या पावसाची वाट बघतं. ढोकरीला घोटाभर पाणी लागतं, कमरेएवढ्या पाण्यात तिला उभंच राहता येत नाही. आणि मेमध्ये जागा आटते म्हणूनच तिथे मोठे शिकारी मासे वर्षभर राहू शकत नाहीत. त्याच्यावर बेडूक आणि चतुर जगतात.

आता खाण बंद पडल्यावर उरणारा खड्डा आठवा. उभ्या कडा, खाली पन्नास-साठ फूट हिरवं पाणी, बारा महिने तेवढंच. लोकांना वाटतं, अरे वा, तळं झालं. पण त्या तळ्याला काठच नसतो. भिंत आणि एकदम खोल. ढोकरी कुठे उभी राहणार, लव्हाळा कुठे रुजणार? गुरं आणि पोरं पडून बुडतात ती वेगळी गोष्ट. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एखादी बातमी असतेच.

हात न लावता मारणं

कागदात लिहिलेलं असतं की खाण पाणथळीच्या हद्दीबाहेर आहे. ते खरंही असतं. पण पाणथळ मरायला तिच्यात फावडं घालावं लागत नाही.

काळ्या कातळात पाणी भेगांमधून फिरतं. डोंगरावर पडलेला पाऊस त्या भेगांतून हळूहळू उतरत दिवाळीनंतर आमच्या उपळांत येतो. खाणीचा खड्डा या भेगा कापत खाली गेला की पाणी आधी खड्ड्यात येतं. खाणीला कोरडा तळ हवा, म्हणून पंप लागतो आणि ते पाणी रस्त्याच्या गटारात जातं. म्हणजे उपळाला यायचं पाणी वाटेतच उचललं जातं. पावसाळ्यात यातलं काही कळत नाही, कारण वरून इतकं पाणी पडत असतं. कळतं ते जानेवारीत. वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पाणी पुरत नाही, खालच्या वाडीतली विहीर महिनाभर आधी तळ दाखवते. मग 'यंदा पाऊसच कमी' म्हणून सगळे गप्प.

यावर इलाज अवघड नाही, फक्त आधी ठरवावा लागतो. उपसलेलं पाणी गटारात न सोडता गाळ बसवून पाणथळीच्या वरच्या अंगाला एका लांब चरात सोडायचं. चरातून ते जमिनीत मुरतं आणि जिथे यायचं तिथे येतं. आणि खड्डा अमुक पातळीच्या खाली न्यायचा नाही हे करारातच लिहून घ्यायचं.

दुसरी गोष्ट गाळाची. इथे थोडा हिशेब करू, कारण परवानगीच्या कागदात 'सेटलिंग टँक बांधण्यात येईल' एवढंच वाक्य असतं आणि सगळे समाधान पावतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टर उघड्या खाणीवर याचे ३०,००० घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर होतात. समजा टाकी २० मीटर लांब, १० मीटर रुंद, दीड मीटर खोल आहे. तिच्यात ३०० घनमीटर मावतं. जुलैतल्या एका जोरदार सरीत तासाला ४० मिलिमीटर पडले तर त्या एका हेक्टरवरून ४०० घनमीटर पाणी येतं. टाकी पाऊण तासात भरून वाहायला लागते.

आता गाळ बसायला किती वेळ लागतो? बारीक वाळूचा कण मीटरभर खाली जायला दोन मिनिटं घेतो. त्याच्याहून बारीक पोयट्याला पाऊण तास लागतो. चिकणमातीचा सर्वांत जाडा कणसुद्धा, स्थिर पाण्यात, तीन दिवस घेतो. घरी करून बघा: काचेच्या बरणीत खाणीखालच्या ओहोळाचं पाणी भरून खिडकीत ठेवा. खाली करड्या चुऱ्याचा थर लगेच बसतो आणि वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही चहासारखं असतं. म्हणजे टाकी कच अडवते, चिकणमाती नाही. ती थेट पाणथळीत जाऊन लव्हाळ्याच्या बुडाशी बसते. चार पावसाळ्यांत वीतभर भर आली तर गुडघाभर पाण्याची जागा घोटाभर होते, आणि घड्याळ बिघडतं.

म्हणून टाकी मोठी करण्याआधी तिच्यात येणारं पाणी कमी करायचं. डोंगरावरून येणाऱ्या स्वच्छ पाण्याला खाणीच्या वरच चर मारून बाजूने वळवायचं, म्हणजे ते उघड्या मातीला शिवतच नाही. एका वेळी एकच कप्पा उघडा ठेवायचा. मातीच्या ढिगावर जूनच्या आधी गवत धरवायचं. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. जेसीबी तिथे उभाच असतो.

चढणीचे मासे आणि एक पाइप

तिसरी गोष्ट कोणत्याही अहवालात मी वाचली नाही. ती आम्ही पाहिली आहे, शेजारच्या गावातल्या एका खाणीवर.

पहिला मोठा पाऊस झाला की खालच्या ओढ्यातले मासे पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात, खाचरांत आणि पाणथळीत अंडी घालायला. आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात, रायगडाकडे वलगण. त्या रात्री सगळी वाडी बॅटऱ्या घेऊन ओहोळावर असते.

तिथल्या खाणीच्या रस्त्याला ओहोळावर सिमेंटचा एक गोल पाइप टाकला होता. पहिल्याच पावसात पाइपाच्या तोंडाखालची माती वाहून गेली आणि पाइपाचं तोंड ओहोळाच्या तळापासून दीड फूट वर लटकलं. मासे येत, उडी मारत, पाइपाच्या ओठावर आपटून परत पडत. शेकडो मासे तिथे साचले. लोकांनी टोपल्या भरभरून नेले. दोन वर्षं खाणवाल्याला दुवा देत होते सगळे. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या घेऊन गेले तर पाइपाखाली पाणी तेवढं खळखळत होतं. वर अंडी घालायला कोणी पोचलंच नव्हतं, मग चढायला येणार कोण?

पाइपाचा खालचा पाव भाग ओहोळाच्या तळात गाडला आणि त्यात तिथलेच गोटे-रेती राहू दिली, तर हे होत नाही. खालून उघडी, चौकोनी मोरी घातली तर आणखी बरं. फरक काही हजार रुपयांचा.

चिखल सांभाळून ठेवा

समजा पाणथळीचा एखादा कोपरा खाणीत जाणारच आहे, टाळता येत नाही. मग त्या कोपऱ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिथला वरचा वीत-दीड वीत काळा चिखल. त्यात लव्हाळे, गेंद, पाणगवतं यांचं बी आहे, कंद आहेत, सुप्त अंडी आहेत. हे बी बाजारात मिळत नाही. कोणतीच नर्सरी ते विकत नाही, आणि विकलं तरी ते आमच्या डोंगराचं नसेल.

खाणीवर होतं काय, तर हा चिखल, खालची लाल माती आणि त्याखालचा मुरूम, सगळं एकाच ढिगात जातं. एकदा मिसळलं की संपलं. तीन थर तीन ठिकाणी ठेवले पाहिजेत. काळ्या मातीचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, कारण आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि बी कुजतं. सगळ्यात उत्तम म्हणजे ढीग घालायचाच नाही: यंदाचा कप्पा उघडताना एप्रिल-मेमध्ये निघालेली माती उचलून सरळ गेल्या वर्षी संपलेल्या कप्प्यावर पसरायची. खाण एकीकडे पुढे सरकते आणि मागे जागा भरून येते. 'शेवटी एकदम करू' म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. शेवटी ठेकेदार बदललेला असतो, पैसे संपलेले असतात आणि काळी माती कुणाच्या तरी बागेत गेलेली असते.

मग आकार. काळ्या कातळाची भिंत उतरती करता येत नाही, पण बाजूला काढलेला मुरूम आणि टाकाऊ दगड वापरून एका अंगाने पायरी बांधता येते, पाण्याखाली जेमतेम बुडेल अशी. उतार एकास दहापेक्षा सौम्य हवा: फूटभर खोली मिळायला दहा फूट चालावं लागेल असा. वर इंजिनिअरच्या हाताला खटकेल अशी ओबडधोबड पातळी, कुठे उंचवटा, कुठे खळगा. सपाट केली तर सगळं पाणी एकाच दिवशी येईल आणि एकाच दिवशी जाईल. त्यावर मुरूम, त्यावर चिकणमाती, त्यावर तो काळा थर, आणि एकदा पसरल्यावर जेसीबीने फिरायचं नाही. दाबलेल्या मातीत मूळ उतरत नाही.

यानंतरचा सल्ला लोकांना पचत नाही: पहिला पावसाळा काहीही लावू नका. बघा काय उगवतं. रानमोडी आणि जलपर्णी दिसली की उपटा, बाकीला हात लावू नका. मासेही सोडू नका. पाणी दिसलं की कोणाला तरी तिलापिया किंवा आफ्रिकन मांगूर सोडायची हौस येते. आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो. असा एक मासा नव्या पाणथळीतल्या बेडकाच्या पिल्लांचा पावसाळाभरात फडशा पाडतो.

चतुर आणि पाणकिडे पहिल्याच पावसात हजर होतात. लव्हाळे दोन-तीन वर्षांत पसरतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी फोटो छान येतो. पण तळाचा चिखल, त्यातली कुजकट काळी माती, तिला पाणी धरून ठेवायची ताकद येणं, ही कामं दशकांची आहेत. २०१२ साली जगभरातल्या ६२१ पाणथळींची माहिती एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा शंभर वर्षांनंतरही पूर्ववत केलेल्या पाणथळींमधली जीवसृष्टी मूळच्यांपेक्षा सरासरी २६ टक्के कमी भरली. म्हणून क्रम असा धरायचा: आधी टाळा, टाळता येत नाही तेवढं कमी करा, आणि उरेल ते दुरुस्त करा. 'तिकडे दुसरीकडे झाडं लावून देऊ' याला मी या क्रमात धरतच नाही. झाडं पाणथळीची भरपाई नव्हेत. आणि ती 'रिकाम्या' सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, लावली तर एकाऐवजी दोन जागा मरतात.

सडा आणि खाडीकाठ

सड्याचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगतो. जांभ्याच्या चिरेखाणीला वरचे बरेचसे उपाय लागूच पडत नाहीत. सड्यावर मातीच बोटभर असते. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत आणि कातळाच्या खळग्यांत सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशी इवलीशी झाडं फुलतात. रत्नागिरीच्या सड्यांवरची दीपकाडी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून उतरून खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. चिरे काढता काढता तो चिकणमातीचा थर फोडला की पाणी थांबायची जागाच जाते. फोडलेला थर कुणाला परत बसवता येत नाही. सड्यावर 'पूर्ववत करू' असं कोणी म्हणालं तर तो फसवतो आहे, किंवा त्याला माहीत नाही.

खाडीकाठी वेगळी भानगड. कांदळाखालच्या काळ्या चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग असतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी असतं. उकरून वाळत घातलं की हवेने त्याचं गंधकाम्ल होतं. अशा मातीच्या ढिगाखालून पावसात वाहणारं पाणी मासे आणि कालवं मारू शकतं. तो चिखल उकरायचाच झाला तर ओला, पाण्याखालीच ठेवायचा असतो. पण कांदळवनाला मुळात हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने कांदळवन तोडायला मनाई केली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला.

कायदा कुठे आहे, कुठे नाही

डोंगराच्या पायथ्याच्या आमच्यासारख्या पाणथळीला असं कवच नाही. भारत १९८२ साली रामसर करारात, म्हणजे पाणथळी जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, सामील झाला. त्या करारातली व्याख्या फार उदार आहे: गोडं, मचूळ, खारं, कायमचं, तात्पुरतं, सगळं पाणथळच. आपले २०१७ चे पाणथळ नियम मात्र नदीपात्र आणि भातखाचरं वगळतात. आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी रेखल्या आहेत. त्याहून लहान साडेपाच लाखांवर पाणथळी नुसते ठिपके आहेत. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आमची त्यात बसत नाही. कोकणातल्या किती बसतील?

हाताशी राहतो तो पर्यावरण परवानगीचा कागद. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही ही परवानगी लागेल. खडी गौण खनिजातच येते. परवानगीत अटी असतात, आणि खाणवाल्याने अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो अहवाल कोणीही मागू शकतं. आमच्या गावाने अटींमध्ये चार ओळी घालून मागितल्या: किती खोल जायचं, पाइप कसा बसवायचा, काळी माती वेगळी ठेवायची, आणि खाण सुरू होण्याआधी एक पूर्ण वर्ष पाण्याची पातळी मोजायची. शेवटचीवरून बरीच घासाघीस झाली.

मोजायला लागतं काय? भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप, दोन मीटर जमिनीत. आत दोरीला बांधलेलं वजन सोडायचं, ओलं कुठपर्यंत झालं ते पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांचं काम. पहिल्या वर्षी आम्ही पाण्याची उंची बघायला लाकडी खांब रोवला होता, तो वाळवीने खाल्ला. आता लोखंडी नळीवर रंगाने खुणा केल्या आहेत. वही शाळेत असते.

आणि अहवाल मागाल तेव्हा एक करा. डिसेंबरच्या अहवालातल्या फोटोत पाणी दिसणारच, कोकणात डिसेंबरात कुठल्याही खड्ड्यात दिसतं. मे महिन्यातला फोटो मागा. नव्या पाणथळीत मेमध्ये काठोकाठ निळं पाणी असेल तर तो अजून खड्डाच आहे. कडेला रुंद पट्टा कोरडा पडलेला, भेगाळलेला, भेगांत गेल्या वर्षीच्या लव्हाळ्याची वाळकी बुडखं दिसत असतील, तर पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी बॅटरी घेऊन जा.